अर्ध्यावर अडलेला हात

मानवी संस्कृतीचा पाया नेमका कशावर उभा आहे, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कोणी विस्तव म्हणतं, कोणी चाक. खरं पाहता तो पाया म्हणजे माणसाचा वर उचललेला हात. एकाने हात वर करावा आणि शेकडो लोकांनी निमूट थांबावं, यालाच सुधारणा म्हणतात. मात्र त्या हाताचा खांदा दुखत असेल, तर सुधारणा कोपरापर्यंत येऊन अडते आणि रस्त्यावर ब्रेडचे पुडे पडतात.

त्या सकाळी नेमकं हेच झालं. चौकातले दिवे नेहमीप्रमाणे आजारी रजेवर होते, आणि त्यांच्या बदलीवर वाहतूक पोलिसांतली एक तरुणी उभी होती. सगळा चौक तिला ‘शिट्टी’ म्हणायचा. बंद पडलेली गाडी ढकलताना मागे तिचा उजवा खांदा लचकला होता. “अजिबात हलवू नकोस हं,” असं म्हणून आत्याने तो हात बरेच दिवस गळ्यात बांधून ठेवला, आणि खांद्याने ते इतकं मनावर घेतलं की तो पुढे हलेचना. शिट्टीने ही गोष्ट खात्यात कुणाच्या कानावर घातली नव्हती.

समोरून सायकलवर बेकरीवाला आला. ‘थांब’ म्हणून तिने हात उचलला. तो अर्ध्यावर अडला, कळ आली आणि बोटं थरथरली. लांबून ते अगदी ‘या, या’ असं दिसलं.

बेकरीवाला आला.

बाजूची व्हॅन करकचून थांबली, सायकल आडवी झाली, ब्रेड चौकभर पसरला. चारही बाजूंची वाहतूक मात्र त्या दिवसात पहिल्यांदाच शिस्तीत उभी राहिली.

“मी थांब म्हटलं होतं!” शिट्टी धावत येऊन ओरडली.

“तुम्ही म्हटलं असेल हो... तुमचा हात तर चहाला बोलावत होता!” तो घोटा धरून म्हणाला.

“खांदा दुखतोय माझा.”

“माझा घोटा. चला, ओळख झाली.”

तिला हसू आलं. वेळ चुकीची होती, कारण मागे तिचे साहेब उभे होते.

“चौक अर्ध्या हाताने चालत नाही,” साहेब म्हणाले. “हात कानाला लागेपर्यंत कार्यालयात बसून फोन घ्या. महिनाअखेरीला मी स्वतः बघणार. नाही लागला, तर चौक दुसऱ्याला.”

शिट्टीला चौक हवा होता. ऊन, धूर आणि शिव्या यांच्यासकट हवा होता. घरात लहानपणापासून तिचं कोणी ऐकलं नव्हतं. इथे ट्रक ऐकायचे. त्याच संध्याकाळी ती फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाऊन धडकली.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. शेकाच्या पिशव्या, रंगीत रबरी पट्टे, भिंतीला एक चाक आणि पडद्याआड कण्हणारी माणसं. डॉक्टरबाईंनी तिचा हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “दुखणं हा पाहुणा आहे. त्याला धक्के मारून काढायचं नाही, आणि पलंगावर झोपवून लाडही करायचे नाहीत. आपण आपली कामं करत राहायची. कंटाळून जातो आपोआप. भिंतीवरून बोटं चढवायची. ताण आला चालेल, कळ नको.”

भिंतीशी आधीच कोणीतरी एका पायावर उभं होतं. बेकरीवाला! मुरगळलेल्या घोट्याला तोल शिकवायचा व्यायाम चालला होता.

“अरे वा, साहेब!” तो डुलत म्हणाला. “इथे थांबायचं की जायचं?”

“पडू नका म्हणजे झालं.”

“पडलो तर तुमच्याच अंगावर पडेन. एवढी काळजी घेतलीय.”

शिट्टीने भिंतीकडे तोंड केलं. कान लाल झाले होते, ते शेकामुळे असं तिने ठरवून टाकलं.

मग रोज संध्याकाळी तिची बोटं भिंतीवरून मुंगीसारखी चढू लागली. शेजारी बगळा एका पायावर उभा राहून समालोचन करी. “मुंगी निघाली... मुंगी खिडकीच्या चौकटीशी आली... मुंगी दमली. दमू नकोस गं मुंगे!”

“तुम्ही गप्प बसाल का?”

“बसायला मनाई आहे. एका पायावर उभं राहायला सांगितलंय.”

मुंगी हळूहळू वर जात होती. पण महिनाअखेर तिच्यापेक्षा वेगाने येत होती. तेव्हा शिट्टीने तेच केलं, जे जिद्दी माणसं हमखास करतात. घरी जाऊन दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी लटकली. आई “अगं, अगं” करत राहिली, आत्याने डोळे मिटून घेतले. सकाळी केस विंचरायलासुद्धा हात उठेना.

ती दवाखान्यात गेलीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कार्यालयात पंख्याखाली बसून ‘नंतर फोन करा’ एवढंच म्हणत राहिली. आयुष्यभर हेच म्हणायचं, असं तिने जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

“तक्रार द्यायचीय. आमची मुंगी हरवलीय.”

तिने सवयीने पेन उचललं.

“वर्णन लिहून घ्या. रंगाने रागीट. स्वभावाने... म्हणजे, स्वभावही रागीटच.”

“हा सरकारी फोन आहे.”

“म्हणून तर अदबीने बोलतोय. काय झालं?”

तिने सांगितलं. दार, चौकट, रडू... सगळं.

“ऐका,” तो म्हणाला. “बेकरीत नवा होतो तेव्हा पीठ फुगायची वाट न बघता मी ते भट्टीत सारलं. घाई होती ना! ब्रेड झाला नाही, वीट झाली. मालक अजून ती दाराला लावतात. दार एकदाही आपटलेलं नाही.”

हसू दाबायला तिने फोन छातीशी धरला. मग कानाशी नेऊन म्हणाली, “संध्याकाळी येते.”

डॉक्टरबाईंनी चामडी लोळवली, अर्थात तोंडाने. “दाराला लटकायला वटवाघूळ आहेस का? दोन दिवस नुसता शेक आणि हाताला हळूच झोका. मग पुन्हा भिंत. रोज थोडं, पण रोज.” शिट्टीने मान डोलावली. जिद्द तिच्याकडे भरपूर होती. आता ती पुरवून वापरायची होती, आणि हे दाराला लटकण्यापेक्षा फार कठीण होतं.

बोटं पुन्हा चढू लागली. खिडकीची चौकट गेली. घड्याळाचा खिळा आला.

एका संध्याकाळी ती दवाखान्याच्या खिडकीतून सहज खाली पाहत होती. बेकरीवाला सायकल टेकवून आला, डबक्यावरून टुणकन उडी मारली, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या घेतल्या... आणि दारात पोचताच लंगडू लागला.

नियम मोडणाऱ्यांवर नजर ठेवणं हा शिट्टीचा धंदाच होता.

“गाडी बाजूला घ्या,” ती म्हणाली. “मुरगळला होता तो पाय कुठला?”

“डावा.”

“लंगडतोय उजवा.”

त्याने दोन्ही पायांकडे आळीपाळीने पाहिलं. “दुखणं... फिरतं कधीकधी.”

पडद्याआडून डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी केव्हाच सांगितलंय त्याला, बरा झालास म्हणून. येतो, एका पायावर उभा राहतो, जातो. म्हटलं, भिंत रिकामीच आहे.”

खोलीतलं कण्हणं एकदम थांबलं. सगळे पडदे ऐकत होते.

“पाय बरा झाला,” तो हळूच म्हणाला. “पण इथून निघवेना... मला तुम्हाला एक विचारायचंय.”

ती भिंतीकडे वळली.

“माझा हात वर होईपर्यंत काही विचारायचं नाही.”

“आणि झाल्यावर?”

“झाल्यावर विचारा. उत्तर सरळ देईन.”

“मग चढव मुंगी,” तो म्हणाला, आणि पुन्हा एका पायावर उभा राहिला. या वेळी योग्य पायावर.

महिनाअखेरची सकाळ. चौक तुडुंब. साहेब पदपथावर हाताची घडी घालून उभे. शिट्टीने घरून निघताना शेक घेतला होता, खांदा झोके देऊन मोकळा केला होता. तिने दम घेतला आणि हात उचलला. कोपर... खांदा... मग ती जुनी अडायची जागा. तिथे ताण आला. कळ आली नाही. दंड कानाला लागला.

बस थांबली. ट्रक थांबला. सगळ्यांत पुढे ब्रेडने लादलेली एक सायकल थांबली, आणि सायकलवाल्याचा चेहरा भट्टीतून नुकताच काढल्यासारखा फुलला होता.

साहेबांनी हाताची घडी सोडली. “चौक तुझा,” म्हणाले आणि चहाला गेले.

बाकीची वाहनं तिने सोडली. सायकल कडेला घ्यायला लावली.

“आता विचारू?” सायकल टेकवत तो म्हणाला. “रोज पहाटे पिठाने माखलेल्या माणसाशी... संसार करशील?”

शिट्टीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मागे हॉर्न वाजत होते, तिला ऐकू येत नव्हते.

“करीन,” ती म्हणाली. “अगदी सरळ उत्तर. करीन.”

त्याने आनंदाने सायकलची घंटी वाजवली. तिचे डोळे भरून आले. ती एक पाऊल पुढे आली, अगदी जवळ... आणि पाठमोरी वळली.

“आता एक कर. पाठ खाजव जरा. हात वर जातो, पण मागे अजून पोचत नाही... हं, तिथेच. थोडं डावीकडे.”