विसावी रेघ

सिनेमावाल्यांनी कोर्बिनियानला बोलावलं ते रेघांसाठी. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे एक, अशी उभी पांढरी रेघ लढाऊ विमानाच्या शेपटीवर ओढायची, हे त्याचं युद्धातलं काम. आता साठी उलटली होती. बोलायला तुसडा, पण रेघ ओढताना हात अजून स्थिर होता. जर्मनीत, बव्हेरियातल्या चित्रीकरणाच्या गवताळ धावपट्टीवर त्याला दुपारी सॉसेज आणि बिअर मिळायची, आणि सगळे आजोबा म्हणायचे. तक्रारीला जागा नव्हती.

सिनेमा घसादुखीवर होता. युद्धात मेकॅनिक मंडळी पदकाच्या हव्यासाला तसंच म्हणायची. गळ्यात पदक लटकल्याशिवाय ज्या वैमानिकाला चैन पडत नाही, त्याचा घसा दुखतोय! ज्याच्या विमानावर कोर्बिनियान रेघा ओढायचा, त्या लेफ्टनंट हार्टविगचा तर फारच दुखायचा. त्याच्या तुकडीत वीस विमानं पाडली की पदक ठरलेलं. तेवीस वर्षांचं पोरगं ते, एकोणीस रेघा झाल्यावर त्याला घास उतरेना. त्या प्रत्येक रेघेत कुणाचा तरी मुलगा होता, हे दोघांपैकी कुणीही बोलत नसे.

"कोर्बी, विसावी आत्ताच ओढून टाक ना," एक्केचाळीस सालच्या ऑगस्टमध्ये, समुद्राकाठच्या तळावर तो म्हणाला होता.

"साक्षीदाराची सही आल्याशिवाय रेघ नाही, साहेब. नियम आहे."

"अरे, तासाभराचा तर प्रश्न! रंग वाळायच्या आत परत येतो."

कोर्बिनियानला मूलबाळ नव्हतं. त्या पोराचं तोंड बघून त्याने नियम मोडला आणि रेघ ओढली. विमान समुद्रावर गेलं ते गेलंच. तळावर उरलेल्या डब्यातला रंग वाळेपर्यंत कोर्बिनियान आभाळाकडे बघत बसला होता. त्या गोष्टीला सोळा वर्षं झाली, पण त्याचं मन काही तिथून उठलं नव्हतं.

सिनेमासाठी स्पेनहून जुनं विमान आणलं होतं. कोर्बिनियानने त्यावर पटकथेप्रमाणे मोजून एकोणीस रेघा ओढल्या, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

सकाळी रेघा वीस होत्या. शेवटची ओली.

"कुणाच्या हाताला खाज सुटली रे?" तो रंगाऱ्यांवर खेकसला. पोरं हसली, पण कबूल कुणी झालं नाही. त्याने टर्पेंटाइनचा बोळा घेऊन रेघ पुसली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच. तीही ओली. खाली येता येता किंचित डावीकडे झुकलेली, फक्त त्याच्याच हाताने झुकायची तशी. त्याने ती घाईघाईने पुसली आणि त्या दिवशी त्याला सॉसेज गेलं नाही.

तिसऱ्या सकाळी प्रत्यक्ष उड्डाणाचं चित्रीकरण होतं. कोर्बिनियान रेघ पुसत असताना नायकाऐवजी उडणारा वैमानिक योस्ट मागे येऊन उभा राहिला.

"आज नको उडूस, पोरा."

"का हो आजोबा? माझ्याऐवजी तुम्हाला उडायचंय? आता तुमचाही घसा दुखायला लागला की काय?"

योस्ट उडाला. आभाळ स्वच्छ होतं. बोळा हातात तसाच धरून कोर्बिनियान धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. ज्या देवाशी त्याचं सोळा वर्षं पटत नव्हतं, त्याची त्याने विनवणी केली.

वीस मिनिटांनी विमान सुखरूप उतरलं. इंजिन बंद झालं.

योस्ट खाली उतरला तो पांढराफटक.

"आजोबा, कोर्बी कोण?"

चित्रीकरणाच्या मंडळींत हे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

"का?"

"वर कुणीतरी कानात विचारत होतं. कोर्बी, रेघ ओली आहे ना अजून? सारखं तेच. कोर्बी, ओली आहे ना?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, नाही. सकाळीच पुसून टाकली."

कोर्बिनियानच्या हातातून बोळा पडला. रंग ओला होता, म्हणजे साहेबाला परतायला वेळ उरला होता. तीन सकाळी त्याने ती आपल्याच हाताने पुसली होती.

तेवढ्यात सगळ्यांनी वर पाहिलं.

योस्टच्या विमानाचा पंखा थांबलेला होता, तरी इंजिनाचा आवाज येतच होता. वर काहीच दिसत नव्हतं. आवाजाने एक घिरटी घातली आणि तो वायव्येकडे, समुद्राच्या दिशेने दूर जाऊ लागला.

कोर्बिनियानने योस्टच्या डोक्यावरचे हेडफोन ओढून स्वतःच्या कानांना लावले, आणि गळ्याशी बांधायचा माइक तोंडापाशी धरला.

"ओली आहे, साहेब! आत्ता ओढतो! या, परत या!"

"आजोबा," योस्ट हळूच म्हणाला, "त्याला काही जोडलेलं नाही."

खरंच नव्हतं. विमानातला रेडिओ स्पेनमध्येच काढून घेतला होता. वायरचं तुटकं टोक योस्टच्या खिशातून लोंबत होतं.

आवाज विरत गेला. कोर्बिनियानच्या गालावरून काहीतरी गार ओघळून ओठांशी आलं. खारट. आपण रडतोय असं त्याला वाटलं. त्याने डोळे चाचपले, ते कोरडे होते.

हेडफोनमधून पाण्याची धार लागली होती, आणि तिच्याबरोबर बारीक वाळू येत होती.