तांबडी हद्द ओलांडते

आमची तांबडी घोडी पहिल्यांदा परदेशात गेली, तेव्हा तिला घरी आणायला दोन सरकारं लागली.

हसू नका. टेकडीच्या अलीकडे आमचा मंगोलिया, पलीकडे चीन आणि मधे एक दगडी खांब. खांबाच्या एका अंगावर आमच्या देशाचं नाव, दुसऱ्या अंगावर त्यांच्या. गवत मात्र दोन्हीकडे तेच. आता घोडीला वाचता येत नाही, त्याला मी काय करू? चरत चरत गेली. मग आमच्या ठाण्याने त्यांच्या ठाण्याला कळवलं आणि ठरल्या दिवशी दोन्हीकडचे अधिकारी टोप्या नीट करून खांबापाशी उभे राहिले. घोडीची मालकीण म्हणून मीही.

पलीकडून एक तरुण तांबडीचा दोर धरून आला. गुरांचा डॉक्टर. जनावर निरोगी आहे असं त्याने सांगितल्याशिवाय ते परत मिळत नाही. शिवाय त्यांच्या कप्तानाला आमची भाषा येत नाही, म्हणून दुभाषाही तोच.

तो बोलायला लागला आणि मी चमकलेच. शब्द न् शब्द आमचा!

"तुम्ही... मंगोल?"

"मग काय शेळी?" तो म्हणाला. "नारसू माझं नाव. तुम्ही जेवढ्या मंगोल तेवढाच मी. रेघ नंतर आली, माणसं आधीची."

"मी तुंगलाग."

"ठाऊक आहे. कप्तानसाहेबांनी मघाशीच वाचून दाखवलं. घोडी एक, मालकीण एक."

मला हसू फुटलं. आमच्या ठाण्याचे गोम्बोसुरेनकाका मोठ्याने खाकरले. नारसूने दोर माझ्या हातात दिला, तेव्हा बोटांना बोटं लागली— लागली म्हणजे काय, जरा जास्तच वेळ लागली. घरी येईपर्यंत मी तांबडीला एक शब्दही रागावले नाही.

उन्हाळ्यात ती पुन्हा गेली.

या वेळी भुरभुर पाऊस होता. नारसूच्या पापण्यांवर थेंब बसले होते आणि एका हातात दोर, दुसऱ्यात कागद, त्यामुळे ते पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. मला ते पुसावेसे वाटले. असं वाटणं बरं नव्हे, हे कळत होतं, पण वाटलं खरं.

"तुमच्या घोडीला आमच्याकडे फारच करमतं बुवा," तो म्हणाला.

"तिला अक्कल नाही."

"असं कसं म्हणता? मालकिणीपेक्षा जास्त आहे. ती निदान भेटायला तरी येते..."

मी मान फिरवली. गाल तापले होते, ते त्याला कशाला दाखवू? मग तो हळूच म्हणाला, "हिवाळ्याआधी कुंपण पुरं होणार आहे. इथून तिथून सलग तार. मग एकही जनावर इकडचं तिकडे जायचं नाही."

"बरंच झालं! माझा ताप वाचेल," मी म्हणाले. तोंडाने म्हणाले एवढंच. जनावर जायचं नाही म्हणजे हा खांबही नाही, ही भेटही नाही. तो जे काही बोलणार असेल ते तार पोचायच्या आत बोलायला हवं होतं.

तिसऱ्या खेपेला गोम्बोसुरेनकाका वैतागले. "तुंगलाग, तुझ्या घोडीला पासपोर्टच काढून देऊ का गं?"

आणि त्याच दिवशी चोरी उघड झाली. आमची तांबडी अशी बुजरी, की माझ्या सख्ख्या भावाला डोक्याला हात लावू देत नाही. ती नारसूजवळ गेली आणि लाडात येऊन त्याच्या उजव्या खिशात तिने सरळ नाक खुपसलं.

मी बघतच राहिले. "हिला तुमच्या खिशाची वाट कशी माहीत?"

नारसूचे कान लाल झाले.

"काय आहे त्यात?"

"मीठ," तो पुटपुटला.

"मीठ?"

"कुरणात ठेवतो मी... कधी कधी. पण आमच्याच बाजूला हं! कायदा मोडलेला नाही."

"वा रे वा! दुसऱ्याची घोडी फितवणं कायद्यात बसतं वाटतं?"

त्यांच्या कप्तानाने चिनीत काहीतरी विचारलं. नारसूने तोंड अगदी गंभीर करून उत्तर दिलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"एवढं काय चाललंय म्हणून विचारतायत. मी सांगितलं, घोडीच्या दातांची चर्चा आहे."

"लबाड!" मला हसू आवरेना. मग 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "नारसू, खरं सांग. कशासाठी ठेवतोस मीठ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले... आणि त्याच क्षणी कप्तानाने हाक मारली. सह्या झाल्या, टोप्यांना हात लागले, झालं. जाताना तो वळून वळून बघत होता. बघून काय होतंय? बोलायला तोंड होतं ना!

कुंपण आलं. शरदात एक दिवस मी स्वतः तांबडीचा दोर सोडला. हो, मीच सोडला, लाज कसली त्यात? ती सवयीने निघाली, तारेपाशी पोचली, तिने तार हुंगली आणि मान खाली घालून परत आली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. हिवाळाभर मी घरात सगळ्यांवर खेकसत होते आणि आई म्हणायची, "हिला झालंय तरी काय?"

बर्फ वितळू लागलं तेव्हा तालुक्याकडून एक जीप चिखल उडवत आमच्या तंबूपाशी थांबली. आतून नारसू उतरला. घोडीला जिथून यायला अर्धी सकाळ लागायची, तिथून तो दक्षिणेकडच्या मोठ्या नाक्यापर्यंत बसने, मग आगगाडीने, मग या जीपने आला होता. दाढी वाढलेली, पासपोर्टवर ताजा शिक्का.

"उशीर झाला," तो म्हणाला. "कागद मिळायला फार..."

मला खूप काही सुनवायचं होतं. पण मी तंबूचं दार उघडून धरलं.

बाबा लगामाचं कातडं शिवत बसले होते. नारसूने वाकून दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले आणि सरळच सांगितलं, "मी तुमच्या मुलीला मागायला आलोय."

मला वाटलंच होतं. आता बाबा म्हणणार, परक्या देशाचा माणूस. पण बाबांनी पासपोर्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"कूळ कोणतं?"

बाई गं! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एका कुळात आमच्याकडे लग्न होत नाही आणि आमची निम्मी माणसं जुन्या काळी पलीकडूनच आलेली.

"बेसूद," नारसू म्हणाला.

बाबांनी टाका ओढला, दोरा दाताने तोडला. "आम्ही ओलखोनूद. बस. चहा घे."

आईने खारट चहाचा वाडगा त्याच्या पुढे केला. "पण पोरांनो, राहणार कुठे?"

"इथेच," तो म्हणाला. "शिक्का महिन्याचा आहे. संपला की जाईन, पुन्हा लावून येईन."

मी त्याला टेकडीवर घेऊन गेले. वारा गार होता. तो खालच्या तारेपलीकडे बघत होता.

"आता तरी बोल," मी म्हणाले. "इथे कप्तान नाही."

"मला तू हवी आहेस, तुंगलाग. पहिल्या दिवसापासून."

"मला पण," मी म्हणाले. म्हणून टाकलं एकदाचं! त्याने माझा हात हातात घेतला. तरी त्याची नजर फिरून फिरून खालीच जात होती.

"काय बघतोस?"

"ते लाल छपराचं घर... आमचं आहे."

धुराड्यातून धूर निघत होता. इतकं जवळ, की अंगणातला कुत्रा दिसत होता.

"घरी कोण असतं?"

"आई. एकटीच."

"आणि तू इथे राहून रोज हा धूर बघणार?"

तेवढ्यात खाली त्या घराचं दार उघडलं. निळ्या अंगरख्यातली एक बाई बाहेर आली, तिने डोळ्यांवर हात धरून टेकडीकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

"ओळखलं नाही वाटतं," मी म्हणाले.

पण ती परत आली. एका हातात बादली, दुसऱ्यात पळी. आमच्याकडे तोंड करून तिने पळी हवेत उडवली, एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. एवढ्या लांबून दूध दिसत नव्हतं, पण तो हात कुणीही मंगोल माणूस ओळखेल. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसासाठी आई दूध शिंपडते, वाट सुखाची व्हावी म्हणून.

नारसू एक पाऊल पुढे सरकला. "मी निघालो तेव्हा शिंपडलं होतं तिने. मी तर पोचलो. आता पुन्हा कुणासाठी?"

"वेडाच आहेस," मी म्हणाले आणि डोळे पुसले. "माझ्यासाठी. त्या घरापर्यंतची लांबची वाट आता मला चालायचीय."