फुटाला बोटभर

सकाळी पावणेदहाला पोलीस ठाण्यातला फोन वाजला.

"माझ्या आईचं डोकं कुणीतरी बदललंय." बाईंचा आवाज शांत होता. मग त्यांनीच सावरून घेतलं. "मूर्ती म्हणतेय मी. मातीचं डोकं. माझ्या वडिलांनी केलेलं."

उपनिरीक्षक दर्शना तांबे यांनी वही पुढे ओढली. "बदललंय म्हणजे, चोरीला गेलंय?"

"नाही. जागेवर एक आहे. हुबेहूब आहे. पण ते माझ्या आईचं नाही."

"कशावरून?"



"चष्मा बसत नाही तिला."

पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते चिऱ्यांचं घर दर्शनाने जातायेता पाहिलं होतं. शिल्पकार चिंतामणी लिमये आठ महिन्यांपूर्वी गेले. आता घर आणि मागचा कारखाना मिळून संग्रहालय होणार होतं. उद्घाटन उद्याच होतं. फाटकाशी फायबरची कोळीण उभी होती, नवी कोरी. तिच्या मागे साच्याचे दोन भाग पडले होते, टायरच्या ट्यूबच्या काळ्या पट्ट्यांनी एकमेकांना घट्ट बांधलेले.

फोन करणारी सुमेधा, लिमयांची एकुलती मुलगी, कारखान्याच्या दारातच थांबली होती. वय चाळिशीच्या पुढे. हातात चष्म्याचं जुनं घर.

"आत या. बाबाजी, मॅडमना स्टूल दे."

साठीचा एक काटकुळा माणूस स्टूल घेऊन आला. बाबाजी मांडवकर, एकतीस वर्षांपासूनचा लिमयांचा मदतनीस. स्टूल ठेवून तो भिंतीला टेकला आणि खाली बघत राहिला.

मधोमध लाकडी फिरत्या पाटावर ते डोकं होतं. करड्या शाडूचं, न भाजलेलं, नुसतं वाळवलेलं. प्रभावती लिमये, शाळेतल्या निवृत्त बाई. ओठ मिटलेले, पण आता काहीतरी बोलणार असे.

"आई चार वर्षांपूर्वी गेली," सुमेधा म्हणाली. "बाबांनी हे नंतर केलं. तिच्या मापाचं. तिचा चष्मा यावर नीट बसायचा. रोज सकाळी पुसून तिला घालायचे, रात्री काढून ठेवायचे. मी हसायचे त्यांना. ते गेल्यावर चष्मा मी पुण्याला नेला. आज पहाटे आले, म्हटलं उद्यासाठी घालावा."

तिने चष्मा मूर्तीला घातला. दांड्या कानांवर टेकल्या, पण दोन्ही बाजूंना फट राहिली. चष्मा नाकावरून घसरत नाकपुड्यांशी येऊन थांबला.

"आई असा चष्मा फक्त वह्या तपासताना करायची," सुमेधा म्हणाली आणि तो काढून घेतला.

"सुमेधाताई, जुन्या चष्म्याच्या दांड्या सैल होतात हो." मागून आवाज आला. तिशीतला तरुण, टी-शर्टवर पांढरे डाग. "अनिश वैद्य. इथली मांडणी माझ्याकडे आहे. मॅडम, उद्या ओपनिंग आहे. ताईंना त्रास होतोय, समजतं मला. पण अंगठा बघा की."

"कसला अंगठा?"

"सर सही करायचे नाहीत. मानेमागे ओल्या मातीत अंगठा दाबायचे. तोच आहे. अंगठा तर कोणी खोटा करत नाही ना?"

दर्शना मूर्तीच्या मागे गेली. पिशवीतून भिंग काढलं. ठसा होता. मधोमध भोवरा, खाली तिरकी चीर. शेजारच्या फळीवर लिमयांची आणखी तीन वाळलेली मातीकामं होती. भोवरा तोच, चीर तीच.

"बघितलंत?" अनिश हसला.

दर्शनाने प्लास्टिकची पारदर्शक पट्टी काढली. फळीवरचे तिन्ही ठसे मापले. मग मानेमागचा मापला. पुन्हा एकदा मापला.

"तिन्हींवर चोवीस मिलिमीटर," ती म्हणाली. "हिच्यावर साडेबावीस."



"माणूस एकच, अंगठा एकच. मग हिच्यावर तो लहान कसा?"

अनिशने ओठ चाटले. "म्हणजे... बदललीच आहे म्हणता? मग विचारायचं कोणाला हे उघड आहे, मॅडम. चावी दोघांकडेच. एक माझ्याकडे, एक बाबाजीकडे. आणि मातीच्या मूर्ती करतं कोण? मी नाही. संग्रहालयाला पहिल्यापासून विरोध कोणाचा? तक्रार लिहून घ्या. मी सही करतो."

बाबाजीने पहिल्यांदा मान वर केली. "मी सरांच्या कामाला हात लावीन?"

"तूच म्हणालास ना, बाईंची मूर्ती लोकांना दाखवायला ठेवू नका म्हणून?"

"म्हटलंय. आताही म्हणतो."

सुमेधा मधे पडली. "अनिश, तो मला लहानपणापासून ओळखतो."

"म्हणूनच त्याच्यावर कोणी संशय घेत नाही, ताई."

दर्शनाने बाबाजीला बाहेर पडवीत नेलं. म्हातारा उभाच राहिला. तिने बसायला सांगितल्यावर पायरीच्या कडेला टेकला.

"पावसाळ्यात कुठे होता?"

"गावी. संगमेश्वराकडे. आषाढापासून आमचा गणपतीचा कारखाना सुरू. दहाव्या वर्षापासून मूर्ती करतोय, अडीचशे होत्या औंदा. विसर्जन झालं नि परवा आलो."

"मधे एकदाही आला नाहीत?"

"कसा येणार, म्याडम? गणपतीच्या दिवसात जेवायला फुरसत नसते. पण कोण साक्ष देणार? घरचेच देतील. त्यांचं कोण ऐकतंय?"

"एक फुटाचा गणपती मागितला, तर केवढा करता?"

बाबाजीने बुचकळ्यात पडून बघितलं. "फुटाला बोटभर जास्त धरायचा. शाडू वाळली की आकसून बसते ना. नायतर गिऱ्हाईक ओरडतं, मखरात बारका दिसतो म्हणून."

"सरांनी बाईंचं डोकं केलं, तेव्हा?"

"तेव्हाही. मीच माप धरलेलं. ओलं होतं तेव्हा बाईंपेक्षा मोठं दिसायचं. सर म्हणाले, थांब, महिनाभरानी येईल आपल्या मापाला. आलं." त्याने नाक पुसलं. "म्याडम, लोक म्हणतील बाबाजीनं सरांच्या घरात चोरी केलान. ह्या वयात ते घेऊन गावी कसा जाऊ?"

 दर्शनाने वहीत "फुटाला बोटभर" लिहून खाली रेघ मारली.

फाटकाशी अनिश कोळणीच्या डोक्यावरची माशांची पाटी पुसत होता.

"छान झालीय. किती उंच?"

"सहा फूट. सरांच्या लहान मूर्तीवरून आधी मोठी केली, मग साचा. मुंबईत सेटवर सात वर्षं हेच केलं."

"साच्यातून काढताना माप धरावं लागतं का? कमी-जास्त?"

"छे. साचा जेवढा, मूर्ती तेवढीच. फायबर असो की प्लास्टर. सूतभर फरक नाही."

"मग त्या डोक्याचीही फायबरची प्रत चांगली झाली असती. दारातच ठेवायला."

"मी तेच म्हणत होतो!" अनिश उत्साहाने म्हणाला, मग थबकला. "ताई नको म्हणाल्या. आईला उन्हात उभी करणार नाही म्हणाल्या. विषय संपला."

कारखान्याच्या कोपऱ्यात मातीचा हौद होता, ओल्या गोणपाटाने झाकलेला. दर्शनाने गोणपाट बाजूला केलं आणि बाबाजीला हाक मारली.

त्याने सवयीने मूठभर माती उचलली, दोन बोटांत मळली आणि थांबला. पुन्हा मळली. बोटांवर पांढरे कण होते.

"प्लास्टर!" तो जवळजवळ ओरडलाच. "हौदात प्लास्टर घातलान कोणीतरी! अख्खी माती फुकट. सरांनी एकाला ह्याच्यावरनं हाकललेलं, नुसते प्लास्टरचे हात बुडवलेन म्हणून!"

"म्हणजे मातीत काम करणारा हे कधी करणार नाही?"

"मेला तरी नाय."

शेवटची खोली साच्यांची होती. भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे चाळीसएक साचे, गाठोड्यांसारखे. अनिशने ती कालपासून कुलूप लावून ठेवली होती, उद्याच्या गर्दीसाठी म्हणून. दर्शनाने चावी मागून घेतली. आत ती पाच मिनिटं एकटीच होती. बाहेर आली ती हात झटकत.

"सगळ्यांनी बसा," ती म्हणाली.

सुमेधा स्टुलावर बसली. बाबाजी दाराशी. अनिश उभाच राहिला.

"बाईंचा चष्मा खोटं बोलत नव्हता. ही मूर्ती मूळ मूर्तीपेक्षा लहान आहे. पण चेहरा तोच, ठसाही तोच, फक्त लहान. हाताने नक्कल केली असती तर अंगठ्याच्या रेषा आल्या नसत्या. म्हणजे मूळ मूर्तीवरून साचा काढला आणि त्यात माती दाबली. ती माती वाळली आणि बसली. सरांची मूर्ती वाळल्यावर बाईंच्या मापाची झाली होती. हिचं माप त्याहून कमी भरलं, फुटाला बोटभर.

"हे बाबाजींनी केलं असतं तर? दहाव्या वर्षापासून हा माणूस माप वाढवून धरतोय. साच्यातली माती बसणार, हे त्याला झोपेतही कळतं. ही चूक त्याच्या हातून होणार नाही. ही चूक अशा माणसाची आहे, ज्याच्या कामात साचा जेवढा, मूर्ती तेवढीच असते."

सुमेधाने मान वळवून अनिशकडे बघितलं.

"मग मूळ मूर्ती कुठे गेली? ती या हौदात आहे. वाळलेल्या कच्च्या मातीवर ओलं प्लास्टर घातलं की माती पाणी पिते. साचा उघडला तेव्हा आत चेहरा नव्हता, चिखल होता. अनिश, तो तुम्ही हौदात टाकलात. प्लास्टरच्या चुऱ्यासकट."

"पुरावा काय?" अनिशचा आवाज चिरकला.

"आतल्या फळीवरचा प्रत्येक साचा सुंभाने बांधलाय. बाबाजींची गाठ. फक्त एक साचा ट्यूबच्या काळ्या पट्ट्यांनी बांधलाय, बाहेर कोळणीचा आहे तसा. उघडून बघितला मी, आत बाईंचा चेहरा आहे."

अनिश खाली बसला. जमिनीवरच.

"मला वाटलं, भाजलेली आहे," तो म्हणाला. "फायबरची एक प्रत करून ठेवणार होतो. झाल्यावर ताईंना आवडलीच असती. साबण लावून प्लास्टर घातलं. उघडलं तर..." त्याने दोन्ही तळवे वर केले. "मग चिखल टाकण्याआधी त्याच हौदातली चांगली माती काढून साच्यात दाबली. म्हटलं, माती तीच, साचा तोच, कोणाला कळणार?"

"आणि बाबाजी?" सुमेधाने विचारलं. "त्याचं नाव का घेतलंस?"

अनिश टी-शर्टवरचा पांढरा डाग नखाने खरवडू लागला.

"साचा फोडला का नाहीस?" दर्शनाने विचारलं. "तो नसता तर सिद्ध करणं जड गेलं असतं."

"उचलला होता फोडायला. धीर झाला नाही. तेवढाच उरला होता त्यांचा चेहरा."

उद्घाटन पुढे गेलं. तक्रार सुमेधाने स्वतः लिहिली, एकही खाडाखोड न करता. साचा जप्त झाला आणि बारा दिवसांनी सुपूर्तनाम्यावर तिला परत मिळाला. ताबा मिळाल्याच्या कागदावर सही घ्यायला दर्शना स्वतः गेली. स्वतः का आली, हे तिने सांगितलं नाही.

बाबाजीने साचा आतून साबणाने पुसला, भाग जुळवले आणि ट्यूबच्या पट्ट्या फेकून सुंभाने आवळला. बादलीत प्लास्टर कालवलं. ओतलं. मग तिघं पडवीत बसून राहिली. हौदातली माती त्याने आदल्या दिवशीच घमेल्यांनी वहाळाच्या वाहत्या पाण्यात सोडली होती. येताना काठावरची मूठभर माती पाटावर घेऊन आला होता, गणपती पोचवून आल्यावर आणतात तशी. ती कोनाड्यात ठेवली होती.

तासाभराने त्याने एकेक भाग सोडवला. आधी मान. मग कान. शेवटी चेहरा.

पांढरी शुभ्र प्रभावतीबाई. ओठ मिटलेले, काहीतरी बोलणार असे.

"मातीचा रंग देऊ, ताय?"

"नको."

सुमेधाने चष्म्याचं घर उघडलं. काचा पदराने पुसल्या, दोनदा. मग दांड्या कानांमागे सरकवल्या आणि हात काढून घेतले.

चष्मा जागेवर राहिला.

बाबाजी वाकला. एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या. करंगळी दांडीखाली घालून बघितली. ती आत शिरली नाही.

"बरोबर मापात," तो म्हणाला.

सुमेधा मूर्तीच्या मागे गेली. मानेवरचा वडिलांचा ठसा तिला सापडला, तिने त्यात आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दर्शनाने सहीचा कागद तसाच घडी घालून खिशात ठेवला. तो उद्याही चालला असता.