सबाची रिकामी रांग

त्या डिसेंबरात कराडच्या धावपट्टीवर दोन रांगा होत्या. एक पुरुष प्रशिक्षकांपुढे, मारुतीच्या शेपटासारखी लांब. दुसरी सबा या एकुलत्या एका प्रशिक्षिकेपुढे... आणि तिच्यात कुणीच नव्हतं! विमानातून उडी मारायला सातारा-सांगलीची पोरं एका पायावर तयार होती, पण उडीसाठी बाईच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधून घ्यायचं म्हटलं की मिशा आडव्या येत होत्या.

शिबिर चालवत होते सबाचे अब्बा, पॅराशूट पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार पीरमहंमद. लेकीला विद्यार्थ्याला सोबत घेऊन उडी मारायचा परवाना मिळाला होता, पण त्यांनी बजावलं होतं, "एक तरी विद्यार्थी सुखरूप खाली आण. न्हाईतर हा नाद सोड." आज शिबिराचा शेवटचा दिवस होता आणि विमानाची शेवटची फेरी उरली होती.

तेवढ्यात एक उंच, लाजरा तरुण कापडात गुंडाळलेली सतार पोटाशी धरून थेट तिच्यापुढे येऊन उभा राहिला. सबाच्या जिवात जीव आला.

"नाव?"

"फारूक. मिरजेचा. सतारी बनवतो."

"वजन?"

तो गोंधळला. "माझं का सतारीचं?"

"तुमचं हो! सतार काय उडी मारणाराय?"

"उडी...?" तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. शेवटी सबानेच त्याला काट्यावर उभं केलं. सतार अब्बांच्या टेबलावर ठेवली. फॉर्मवर त्याने न वाचताच सही ठोकली.

मग तिने त्याला बाकड्यावर पालथं झोपवलं. "मान मागं, पोट खाली. धनुष्यासारखं वाका."

"आवं, सागवान असं वाकवलं तर चिरतं."

"तुम्ही सागवान आहात का?"

"सकाळपर्यंत तरी तसाच होतो..."

सबाने ओठ दाबून हसू आवरलं. "हात छातीवर. मी खांद्यावर दोनदा थोपटलं की मोकळे सोडायचे."

"थोपटून दाखवा की."

तिने थोपटलं.

"नीट कळलं न्हाई. परत..."

तिसऱ्यांदा थोपटताना तिच्या लक्षात आलं, गडी एवढा काही मंद नाही. ती घाईने पट्ट्यांकडे वळली. "ही चार हुकं माझ्या पट्ट्यांना अडकवणार."

"चार? निकाहाला तीनदाच कबूल म्हणतात!"

"हळू! अब्बा ऐकतायत."

तेवढ्यात विमानाचं इंजिन घरघरलं. फारूकचा चेहरा पांढराफटक पडला.

"खरं सांगू?" तो पुटपुटला. "शिबिराच्या आजच्या समारोपाच्या कार्यक्रमाला सतार पोचवायला आलो होतो. मला वाटलं, ही गेटपासची रांग हाय. मी तर शिडीवरबी चढत न्हाई."

सबाला रडूच फुटायचं बाकी राहिलं. हा गेला की सगळंच गेलं... पण तिने मुकाट्याने त्याचे पट्टे सोडायला घेतले. "जा तुम्ही. मन नसताना मी कुणाला नेत नाही."

त्याने पट्ट्यावर हात ठेवला. "रांग चुकलो म्हटलं. जायचं म्हटलं व्हय मी? तुमी नेणार असाल, तर येतो."

दहा हजार फुटांवर विमानाचं दार उघडलं. "अजून नाही म्हणता येईल," सबा त्याच्या कानाशी ओरडली. "चला!" तो डोळे घट्ट मिटून ओरडला. मग मिरजेच्या या कारागिराने असा काही सूर लावला, की तसा त्याच्या सतारीतूनही कधी निघाला नसेल!

पॅराशूट फुललं आणि एकदम सगळं शांत झालं. खाली कृष्णा-कोयनेचा संगम, हिरवागार ऊस. सबाला त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसते लाल कान दिसत होते.

"सबा... मला तुमी लय आवडलाय. अब्बांना भेटायला कवा येऊ?"

तिच्या छातीत धडधडलं. त्याला ते पाठीत कळलं असणार. "पाय वर घ्या! जमीन आली!"

"आधी उत्तर..."

"पाय मोडतील!"

"मोडू देत. तुमचं उत्तर ऐकू दे."

"शुक्रवारी या! आणि दोन्ही पायांवर चालत या!"

त्याने झटकन पाय उचलले. दोघं गवतातून घसरत थेट अब्बांच्या बुटांपाशी येऊन थांबली.

"विद्यार्थी सुखरूप आणला, अब्बा," सबा धापा टाकत म्हणाली. "आणि... शुक्रवारी तो आपल्या घरी येतोय. मला आवडलाय तो."

पलटणीत कुणाला न घाबरलेले अब्बा अजून हुकांनी जोडलेल्या त्या दोघांकडे जरा बिचकूनच वाकले. मग हळूच म्हणाले, "येऊ दे. पण आधी त्याला सोड तरी!"