रिसेटचं बटन

मोहाडीच्या बाजारात त्या दिवशी एक पोरगी कम्प्युटरचा डब्बा कडेवर घेऊन चालली होती. खोटं नाही सांगत. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, तापलेलं लेकरू डॉक्टरकडे न्यावं तसा. वांगेवाल्या बाईनं इचारलं भी, "काय झालं वो लेकराले?"

"सकाळपासून डोळेच नाही उघडले," दामिनी म्हणे.

मांगून कोणी तरी हासलं. वळून पाह्यते तं एक उंचपुरा पोरगा, खांद्यावर झोळा.

"आणा इकडे. मी याचाच डॉक्टर हावो."

"असे लय डॉक्टर फिरतात बाजारात. दातावाले, जडीबुटीवाले…"

"माझ्याजवळ पेचकस हाये."

तो अंकुश. भंडाऱ्याले दुरुस्तीचं दुकान, अन् बाजाराच्या दिवशी मोहाडीत फेरी. दामिनी त्याले घरी घेऊन आली. दोन गल्ल्या सोडून तं घर. बाप खेमराज आतल्या खोलीत मागावर कोशाचं रेशमी लुगडं इणत होता, ठक-ठक, ठक-ठक. बाजूले दामिनीचा भी माग. लुगड्याचे काठ ती कम्प्युटरवर काढे. तो बंद म्हणजे पुढचं लुगडं बंद.

अंकुशनं भिंतीवरच्या बोर्डात वीज पाह्यली, होती. वायर बदलली. बटन दाबलं. ना आवाज, ना लाइट. झाकण खोललं तं आत कोशाचा भुसा, सुगरणीच्या खोप्यासारखा. ब्रशनं झाडला अन् म्हणे, "केसातला आकडा द्याल?"

दामिनीनं दोन काढले, एक त्याले देला. आंबाडा सुटला, केस खांद्यावर आले. वीज देणाऱ्या डब्बीच्या तारा अंकुशनं मशीनपासून सोडल्या. आता आकड्यानं हिरव्या तारेले काळी भिडवाची होती, पण याचा हात पिवळीवर थांबला.

"डॉक्टर, पेशंट इकडे हाये."

"हो… हो." आकडा बसला अन् आतला पंखा फिरला. "वीजेच्या डब्बीत दम शाबूत हाये." तारा परत लावल्या अन् मशीनच्या बोर्डावर बटनाची तार जिथं लागे, त्या दोन काट्यायले आकड्याचं टोक टेकवलं. टक! मशीन घुमू लागली. "मशीन जिती हाये, फक्त बटन मेलं. पुढच्या बाजारी नवं आणतो. तवरक असंच चालवा."

पुढचा बाजार आला. बटन नाही आलं.

"भंडाऱ्यात नाही भेटलं," अंकुश म्हणे. चहा पेला, काठावरची कोयरी पाह्यली, म्हणे लय साजरी हाये. तिसऱ्या बाजारी, "नागपुरात भी नाही." एवढ्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघायले भी कळलं नाही. तो गेला का दामिनीले घर सुनं लागे, अन् हप्ता महिन्यावानी लांबे.

चौथ्या बाजारी चहा देता देता ती म्हणे, "मंडईले लाखनीचे पाहुणे येऊन राहिले. मले पाहाले."

आमच्याकडे असंच हाये. दिवाळी झाली का गावोगाव मंडई, रातचं नाटक, अन् त्याच गर्दीत सोयरिकी जुळतात. अंकुशनं अर्धा चहा तसाच ठेवला. गाडीले किक मारली अन् गेला… दामिनीनं तो चहा किती तरी वेळ फेकला नाही.

पाचवा बाजार. मंडई परवावर. पिकल्या धानाचा वास गल्लीपर्यंत आला होता. अंकुश दारात उभा, तोंड पडलेलं.

"बटन नाही…"

"बस." दामिनीनं डब्ब्यावरचं रिसेटचं लहानसं बटन दाबलं. मशीन सुरू झाली. ना आकडा, ना काही.

अंकुश पाह्यतच राह्यला.

"रिसेटची तार काढली, त्या दोन काट्यायवर लावली. मोबाईलवर पाहून केलं. दोन मिनिटाचं काम. तुले हे येत नव्हतं?"

कान लाल झाले गड्याचे. "…येत होतं."

"मंग काहून नाही केलं?"

"केलं असतं तं दुसऱ्या बाजारी कोणत्या तोंडानं आलो असतो?"

आतली ठक-ठक थांबली. या दोघायचं ध्यान नव्हतं.

"तुले कधी कळलं?"

"दुसऱ्या बाजारी. तू गेल्यावर."

"अन् मंग दोन बाजार माझ्यासमोर आकडा काहून लावत होती?"

"तू येवाच्या आधी मी तार काढून ठेवो. तू गेला का परत लावो." दामिनीची मान खाली गेली. "पण आता मंडई आली, अंकुश. अजून बटनाचंच सांगशील, का दुसरं… काही सांगशील?"

त्यानं खिशातून एक आकडा काढला. पहिल्या बाजारचा. "हा मी इसरून नव्हता नेला. चोरून नेला होता. वापस नाही देत. तू… तूच येशील काय भंडाऱ्याले? माझ्या घरी?"

दामिनीच्या डोळ्यात पाणी अन् ओठावर हासू. "येईन. पण माझा माग संगं येईल. दुकानात जागा हाये?"

"प्रिंटर बाहेर काढतो ना!"

तवा आतून खेमराज खाकरला.

"दामिनी, लाखनीवाल्यायले फोन लाव व. म्हणाव, मंडईले खुशाल या… पण नाटकच पाहाले या."