भिंतीवरच्या दोन फुल्या

माझ्या भिंतीवर माझ्या परवानगीवाचून कुणी रेघ ओढलेली मला खपत नाही. त्या दिवशी दिवेलागणीला मी फाटकाबाहेर आले आणि कुंपणाच्या पांढऱ्या भिंतीवर तांबड्या खडूच्या दोन ठळक फुल्या पाहून जागीच थबकले.

नंदनवन वस्तीतले हे घर विकून मी पुण्याला यावे, असा माझ्या मुलाचा, ऋषीचा, हट्ट होता. त्याने पाठवलेल्या बिल्डरला मी नुकतेच चहाही न विचारता वाटेला लावले होते. आणि आता ही मोजमापे!

गुन्हेगार समोरच उभा होता. पलीकडच्या बंगल्यात नव्याने राहायला आलेले महादेवराव. शहराबाहेरच्या वाडी भागातले ट्रान्सपोर्टचे गोदाम लेकीच्या स्वाधीन करून निवृत्त झालेले. पांढऱ्या मिशा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात खडू. त्यांची जुनी, हिरवी, दोघांपुरती स्पोर्ट्स कार माझ्या भिंतीला नाक लावून उभी होती.

"बिल्डरने कुठपर्यंत मोजायला सांगितले आहे?"

"कोणता बिल्डर, बाई?" ते हसले. "मी तं गाडीचे हेडलाइट बदलवून राहिलो. जुने पार पिवळे पडले होते. नवे बसवले, पण उजेड सरळ पडाले पाहिजे ना... आन् समोर सपाट भिंत तुमचीच आहे."

"माझी आहे, एवढे तरी कळले!"

"भिंत तुमची, उजेड माझा. भांडण कायले?"

मी हाताची घडी घालून फाटकाशीच ठाण मांडले.

त्यांनी गाडी मागे घेतली, दिवे लावले. भिंतीवर दोन लख्ख वर्तुळे थरथरली. ते पेचकसाने दिव्याचा पेच फिरवत, आणि उजेड हळूहळू फुलीकडे सरके... एखाद्या संकोची पाहुण्यासारखा.

मी शेवटपर्यंत उभी राहिले. विश्वास मात्र ठेवला नाही. इतके गोड बोलणारा पुरुष हेतूवाचून बोलत नसतो.

दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा हजर! भिंत मात्र कोरी होती.

"फुल्या कोणं पुसल्या?"

"वाऱ्याने," मी म्हणाले.

"वारा मोठा टापटिपीचा दिसते."

पुन्हा गाडी भिंतीपाशी, पुन्हा खडू, पुन्हा पेचकस. तिसऱ्या दिवशीही तेच. मी ऋषीला फोन करून खडसावले. त्याच्या बिल्डरने महादेवरावांचे नावही ऐकलेले नव्हते. एवढ्याने माझा संशय मिटायला हवा होता... तो वाढला. बिल्डरचा माणूस नव्हे, तर मग हा गृहस्थ रोज येतो कशासाठी? आणि दिवे लागायच्या सुमारास मी इरकल का नेसते आहे, हेही एकदा कुणी मला विचारायला हवे होते.

अखेर मी सरळ जाब विचारला. "काल उजेड फुलीवर नेमका बसला होता. मी पाहिला."

"बसला होता."

"मग आज तो खाली कसा उतरला? पेच कोणी ढिले केले?"

पेचकस थांबला.

"मीच." ते मान वर न करता म्हणाले, "एकदाचे दिवे जुळले असते, तं मी कोणत्या तोंडानं इथं आलो असतो... पुष्पलताबाई?"

माझे नाव त्यांनी प्रथमच उच्चारले. या वयातही कानाच्या पाळ्या तापतात, हे मला ठाऊक नव्हते.

"ही शुद्ध फसवणूक आहे, महादेवराव."

"आहे. कबूल. पण तुम्ही एक सांगा — फुल्या कोण पुसते?"

"जया. माझ्याकडे कामाला आहे. तिला स्वच्छतेची भारी हौस—"

घरी निघालेली जया नेमकी फाटकातच होती. "माझं नाव काहून घेता, बाई? मी सकाळी यायच्या आधीच भिंत ओली राह्यते!"

आणि ती पदर तोंडाशी धरून चालती झाली.

हिरव्या गाडीचे दोन्ही दिवे टक लावून माझ्याकडे पाहत होते; त्यांचा मालक मात्र शहाण्यासारखा खाली पाहत होता. मी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला.

"खडूचा काही भरवसा नाही," मी शक्य तितक्या कठोर आवाजात म्हणाले. "उद्या येताना पक्का रंग घेऊन या."