तीन दिवसांचा सर

कुडव्याची दुर्गेश्वरी गोंदियाच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी ती स्कूटीवर निघाली, ती एका गोऱ्या साहेबाच्या थडग्यावरची तारीख बघायला. काम एवढंच होतं.

ते काम इंग्लंडहून आलं होतं. हेलन ब्रॅकस्टोन नावाच्या बाईंनी तिला पत्र लिहिलं होतं. त्यांच्या घराण्यात बॅरोनेट हा किताब चारशे वर्षांपासून चालत आलेला. बापामागून थोरला मुलगा, त्याच्यामागून त्याचा थोरला. बापानं शेवटचा श्वास सोडला की त्याच क्षणी मुलगा 'सर' होतो, मग तो जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात असो. ना गादी, ना राज्य. नावाआधी लागणारा एक शब्द फक्त, पण इतक्या पिढ्या न सांडता ओंजळीतून ओंजळीत दिलेला. दुर्गेश्वरीला त्याचं फार अप्रूप वाटलं. आपल्याकडे पणजोबाचं नाव विचारलं तर माणूस डोकं खाजवतो.

त्या घरचा थोरला मुलगा एडमंड रेल्वेच्या मोजणीसाठी इकडे आला होता. १९०७ च्या सतरा ऑगस्टला तिकडे त्याचे आजारी वडील वारले. तार गोंदिया स्टेशनात येऊन पडली, पण पुरानं वाटा बंद होत्या. त्याच महिन्यात एडमंडही गेला. कुठल्या तारखेला, ते घरी कधी नीट कळलंच नाही. बापाआधी गेला असणार, असं धरून किताब धाकट्या भावाला लागला आणि एडमंडचं नाव यादीतून सुटलं. ते लागावं, एवढीच हेलनबाईंची इच्छा होती.

थडगं ज्या गावात होतं, तिथे तिला घाऱ्या डोळ्यांचे म्हातारे दुधराम भेटले. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातला माणूस, तिथला तलाव त्यांच्याच वाडवडलांनी बांधलेला. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. त्या साली पाळ मधोमध खचायला लागली होती. मोजणीसाठी वर्षभर गावात येणारा साहेब त्या दिवशी नुसता आडोशाला आला होता, निघून गेला असता तर कोणी बोल लावला नसता. पण तो कमरेइतक्या पाण्यात गावकऱ्यांबरोबर मातीच्या टोपल्या वाहत राहिला. पाळ टिकली आणि साहेब तापानं गेला. "तो नसता तर हे गावच नसतं," दुधराम म्हणाले. "माहा बाप त्याच साली जलमला."

थडगं पाळीच्या टोकाला होतं. दुर्गेश्वरीनं दगडावरचं शेवाळ पुसलं. वीस ऑगस्ट, १९०७.

म्हणजे तीन दिवस तो सर होता. त्याला ठाऊकही नव्हतं, आणि ते तीन दिवस तो चिखल वाहत होता.

दिवस मावळला. पाण्यावरून कुजक्या गवताचा वास येत होता, त्यात हळूहळू चिरुटाचा वास मिसळला.

"मॅडम, आता तो येते," दुधराम हलकेच म्हणाले. "भेवू नका. काहीतरी इचारते. आमाले समजत नाही, आमी मान हालवून देतो."

बेडकांचा आवाज एकाएकी थांबला. पाळीवरून पाणी भरलेले बूट येत असल्यासारखा आवाज येऊ लागला. चपक… चपक… तो अगदी जवळ येऊन थांबला. मग तिच्या कानाशी कोणीतरी इंग्रजीत बोललं, थकलेल्या, अदबशीर आवाजात.

"माफ करा… माझ्या वडिलांचं काही कळलं का?"

दगड घट्ट धरून तिनं इंग्रजीतच उत्तर दिलं. "ते गेले… सतरा तारखेला. तुम्ही सर एडमंड आहात."

एक लांब निःश्वास आला, बूट दूर गेले आणि बेडूक पुन्हा ओरडू लागले.

दुधरामांनी विचारलं तेव्हा तिनं अर्थ सांगितला. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, थडग्याला हात जोडले. एवढीशी गोष्ट, आणि शंभर वर्षं आपण नुसतीच मान हलवली, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

घरी येऊन तिनं थडग्यावरच्या तारखेचा काढलेला फोटो हेलनबाईंना पाठवला. सकाळी हेलनबाईंचं उत्तर आलं. त्यांना रडू आवरत नव्हतं. एडमंडचं नाव लागणार होतं. दिवसभर दुर्गेश्वरी समाधानात होती.

दिवेलागणीला दुधरामांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"मॅडम, तो फिरून आला. आज दुसरंच इचारून राहिला."

"काय विचारतो?"

ऐकलं तसं त्यांनी एकेक अक्षर लावत सांगितलं. "व्हेर… इज… माय सन…"

माझा मुलगा कुठे आहे.

मुलगा? पत्रात तर एडमंडच्या लग्नाचाही उल्लेख नव्हता. लग्नाचा मुलगा असेल तर त्याच्यानंतरचा शंभर वर्षांतला एकूण एक सर खोटा…

"बाबा," तिनं कसंबसं विचारलं, "तो थडग्यापाशीच आहे ना?"

पलीकडून आधी चपक… चपक… ऐकू आलं. मग दुधराम बोलले.

"नाही मॅडम… माह्या दारात उभा आहे. अन् माह्याच तोंडाकडे पाहून राहिला."